रद्दीवाला घेईल अशी लग्नपत्रिका: नागपुरात पत्रिका छापायला निघालेल्यांसाठी

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून लग्नपत्रिकांचं अख्खं खोकं निघालं. पंधरा वर्षांच्या पत्रिका, आईने एक म्हणून फेकली नव्हती, कारण प्रत्येकीवर गणपती आणि गणपती कचऱ्यात टाकायचा कसा. मी म्हटलं चल, रद्दीत देऊन टाकू. रद्दीवाला फतकल मारून बसला, एकेक पत्रिका वाकवून पाहून राहिला होता, आणि अर्ध्याच्या वर गठ्ठा त्याने माझ्याच हातात परत ठेवला. "ताई, हे नाही चालत, याच्यावर पन्नी आहे. आन् हे मखमलचं तर कोणीच नाही घेत."

पुढे दोन महिन्यांत लहान भावाचं लग्न जमलं, तारीख निघाली मे महिन्यातली आणि पत्रिकेचं काम माझ्या गळ्यात पडलं. तेव्हा नियम एकच ठेवला, जी पत्रिका रद्दीवाला पेपरच्या गठ्ठ्यात मुकाट घेईल तीच छापायची. इको-फ्रेंडलीच्या बाकी व्याख्या खूप आहेत, नेटवर वाचत बसलं तर डोकं फिरतं, पण घरबसल्या तपासता येईल अशी मला ही एकच सापडली. तर ज्यांच्या घरी पहिलंच लग्न आहे आणि कुठून सुरू करावं कळत नाहीये त्यांच्यासाठी आम्ही काय केलं, कुठे फसलो, ते सगळं क्रमाने सांगते.

आधी दारं मोजा

लोक उलटं करतात. आधी इतवारी-गांधीबागेत जाऊन कार्ड पसंत होतं, मग किती छापायची ते ठरतं, आणि ते ठरवतो दुकानदार. "पाचशेच घेऊन टाका, तीनशेला आणि पाचशेला काही फार फरक नाही पडत." तो खोटं बोलत नसतो, ऑफसेटमध्ये प्लेट बनवायचा आणि मशीन लावायचा खर्च एकदाच लागतो म्हणून पुढची दोनशे स्वस्तात पडतात. पण ती दोनशे मग तुमच्या दिवाणात राहायला येतात.

म्हणून आधी वही काढा आणि माणसं नाही, दारं मोजा, एका दाराला एक पत्रिका. आमच्या बाबांची यादी ४६० नावांची होती. त्यात एकाच घरात राहणारे तीन भाऊ तीनदा, ऑफिसमधले रिटायर होऊन पुण्याला गेलेले लोक, आणि दोघं तर वारलेले निघाले (हसू नका, तुमच्याही यादीत असतील). दारं मोजल्यावर २७० उरली. मग तीन रकाने पाडले. एक, जिथे घरी जाऊन हातातच द्यावी लागते. दोन, जिथे फोन करून मग व्हॉट्सॲपवर पाठवली तर चालते. तीन, नुसतं व्हॉट्सॲप. पहिल्या रकान्यात ११० आली, आम्ही १२५ छापली. आईला शेवटपर्यंत धास्ती होती की कमी पडतील, पण उलट नऊ उरल्या.

कागद जिथे खरा वाचतो ती जागा हीच. चांगल्यात चांगल्या कागदावर ५०० छापण्यापेक्षा साध्या कागदावर १२५ कधीही बऱ्या, हे मी कोणाशीही भांडून सांगायला तयार आहे.

फक्त पहिल्या रकान्यात कंजूसी करू नका. मामा, आत्या, आजोळची मंडळी, व्याह्यांकडचे मोठे, यांच्या हातातच पत्रिका गेली पाहिजे. "पत्रिका द्यायला पण नाही आले" हे वाक्य नात्यात वीस वर्षं पुरतं. आणि देवाच्या पत्रिका यात मोजायला विसरू नका, आमच्याकडे टेकडीच्या गणपतीला पहिली, मग कोराडीची देवी, मग गावचं कुलदैवत.

मोबाइलवरची पत्रिका

यात कागद नाही, त्यामुळे रद्दीवाल्याचा प्रश्नच नाही, पण चुका होतातच. पत्रिका जेपीजी फोटो नाहीतर पीडीएफ म्हणूनच पाठवा. २०२४ पासून लग्नपत्रिकेच्या नावाने एपीके फाइल (फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल) पाठवून लोकांचे फोन हॅक करायचे प्रकार झाले, तेव्हापासून अनोळखी नंबरवरून पत्रिका आली की लोक उघडतच नाहीत, आणि बरोबरच करतात. म्हणून आधी फोन, "काका, पत्रिका पाठवून राहिली, फोटो आहे, बिनधास्त उघडा", आणि मग पत्रिका.

दुसरं म्हणजे ब्रॉडकास्ट लिस्टवर एकदम पाठवून मोकळं होऊ नका. एका लिस्टमध्ये २५६च लोक बसतात, आणि ज्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह नसेल त्यांना तो मेसेज जातच नाही. बाबांच्या ऑफिसच्या लोकांना आम्ही असंच पाठवलं आणि निम्म्यांना लग्नाच्या आदल्या आठवड्यात कळलं. त्यापेक्षा रोज रात्री जेवण झाल्यावर वीस-वीस जणांना नाव टाकून पाठवा, "आदरणीय काका-काकू" एवढं वर लिहिलं तरी माणूस खूश होतो. व्हिडिओ पत्रिका करायची तर पाऊण मिनिटाच्या आत आटपा, सनई आणि पाकळ्या उडेपर्यंत लोक बंद करतात, हॉलचं नाव शेवटी येतं आणि तेवढंच राहून जातं.

आता कागद

दुकानात "इको-फ्रेंडली दाखवा" म्हटलं की समोर येतं तपकिरी क्राफ्ट पेपरचं कार्ड, सुतळी बांधलेलं. दिसायला छान असतं. पण रंग तपकिरी म्हणजे कागद जुन्या रद्दीचाच असं काही नसतं, क्राफ्ट नवीन लगद्याचाही असतो. आणि मला दाखवलेल्या अशा एका कार्डावर तर आरपार मॅट लॅमिनेशन होतं! दुकानदाराला म्हटलं भाऊ ही तर पन्नी आहे, तर म्हणतो, "मॅडम, मॅट आहे ना, ग्लॉसी नाही."

म्हणून सॅम्पल हातात घेतलं की पहिले त्याचा कोपरा फाडायला मागा. देत नसेल तर एक विकत घ्या आणि बाहेर येऊन फाडा. कागद असेल तर फाटलेल्या जागी नुसते बारीक धागे दिसतात. लॅमिनेशन असेल तर कागद फाटून जातो आणि वरची पातळ झिल्ली ताणली जाते, कधीकधी सोलूनच निघते. ही झिल्ली लगद्यात विरघळत नाही म्हणून कागद गिरणीला नको असते, आणि गिरणीला नको ते रद्दीवाल्याला पण नको. चकाकी म्हणजे ग्लिटर हे पण बारीक प्लास्टिकच. मखमल, साटीनची रिबीन, खडे, ॲक्रिलिक, यांच्याबद्दल तर बोलायलाच नको. सोनेरी फॉइल सगळीकडे भरून मारलेलं नको, फारच हौस असेल तर दोघांच्या नावापुरतं करा.

एक नाव ऐकून मी पण फसणार होते, स्टोन पेपर. "झाड तोडावं लागत नाही, दगडाचा कागद आहे" असं सांगतात. दगडाची भुकटी असते हे खरं, पण ती धरून ठेवायला आत प्लास्टिक असतं, म्हणजे रद्दीतही जात नाही आणि मातीतही जात नाही. फाटत नाही, भिजत नाही असं कौतुक जिथे ऐकू येईल तिथे संशय घ्या.

मग उरतं काय, तर दोन चांगले पर्याय. पहिला, साधा रिसायकल कागद किंवा कार्डशीट, २०० ते २५० जीएसएमची, लॅमिनेशन न करता. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, पत्रिकेला ३०० च्या वर जायची काही गरज नसते. एफएससीचा (म्हणजे जंगल जपून बनवलाय असं प्रमाणपत्र असलेला) कागद आहे असं सांगितलं तर रीमचं वेष्टन दाखवायला सांगा, त्यावर 'रिसायकल्ड' लिहिलंय की 'मिक्स' ते वाचा, मिक्समध्ये नवीन लगदा पण असतो.

दुसरा म्हणजे हातकागद, आणि यावर माझा जीव आहे. हा कागद मुख्यतः कापडाच्या चिंध्यांपासून होतो, होजियरीच्या, म्हणजे बनियान-टीशर्टच्या कारखान्यातली कापलेली कात्रणं भिजवून, कुटून, जाळीवर एकेक ताव म्हणजे शीट काढतात. कापसाचा धागा लांब असतो म्हणून कागद मजबूत होतो, आणि झाड लागतच नाही. आपल्या विदर्भाचा तर याच्याशी जुना संबंध आहे, १९३४ साली गांधीजींच्या पुढाकाराने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला तो वर्ध्याच्या मगनवाडीत, गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांनी तो चालवला, आणि हातकागद बनवणं हे तिथल्या कामांपैकी एक होतं. तिथलं मगन संग्रहालय १९३८ चं, अजून आहे, सेवाग्रामला गेलात तर पाहून या. कागद मागवायचा तर पुण्याची १९४० पासूनची हातकागद संस्था आहे, नाहीतर जयपूरजवळच्या सांगानेरचा माल ऑनलाइन मिळतो. आधी खादी भांडारात चौकशी करा, ताव मिळाले तर हातात घेऊन पाहता येतात.

हातकागदाचे नखरे पण ऐकून घ्या. तो खरबरीत असतो, लेझर प्रिंटरची पावडर त्यावर नीट बसत नाही, घासलं की निघते, त्यामुळे स्क्रीन प्रिंटिंगवाला, म्हणजे जाळीतून शाई दाबून छापणारा शोधा. अक्षर बारीक ठेवलं तर रफार आणि अनुस्वार शाईने भरून जातात, आमच्या पहिल्या सॅम्पलमध्ये 'मुहूर्त' चा 'मुहूत' झाला होता. म्हणजे मजकूर कमी आणि अक्षर मोठं. भडक रंगवलेला ताव घेण्यापेक्षा बिनरंगी, जरा पिवळसर पांढरा घ्या, त्यावर एकच गडद रंग, लाल नाहीतर मातकट, इतकं सुंदर दिसतं की चार रंग लागतच नाहीत. आमच्या १२५ अशाच झाल्या.

सीड पेपरचं काय?

सीड पेपर म्हणजे आत बिया घातलेला कागद. हे सगळ्यांना हवं असतं, पत्रिका मातीत पुरायची आणि त्यातून तुळस उगवते. कल्पना गोड आहे, मी पण त्या १२५ शिवाय ३० मागवल्या होत्या. पण नागपूरच्या उन्हाळ्याच्या लग्नात याचं काय होतं ते कोणी सांगत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, कुंडीतली माती दुपारी तव्यासारखी, पत्रिका मिळाल्या मिळाल्या उत्साहाने लावली तर दिवसभरात वाळून खलास. आमच्या काकूंनी असंच केलं आणि मग "तुझी पत्रिका काही उगवली नाही बाप्पा" असं चारचौघांत सांगितलं. तेव्हा उन्हाळ्यातलं लग्न असेल तर पत्रिकेवरच छापा, 'मृगाचा पाऊस पडला की लावा', आपल्याकडे जूनच्या मध्यावर पाऊस धरतो, तोवर कोरड्या जागी ठेवली की झालं. तुळशीचं लग्न लागल्यावरच्या हंगामातलं लग्न असेल तर लगेच लावायला हरकत नाही.

मागवताना सगळ्यात आधी विचारा बी कोणतं. झेंडू, तुळस, मेथी, मोहरी, टोमॅटो, मिरची ही बारीक बियांची नावं सांगितली तर ठीक. 'वाइल्डफ्लॉवर मिक्स' म्हणत असतील आणि आत काय आहे ते सांगता येत नसेल तर नको, कुठलं परदेशी तण आपल्या हाताने पेरायचं, गाजरगवताने शिकवलंय तेवढं पुरे. मग विचारा कागद कधी बनवलाय, बी जुनं झालं की उगवत नाही, सहा महिन्यांच्या आतला बरा. छपाई स्क्रीननेच, लेझर प्रिंटरमधून काढला तर आतल्या उष्णतेने बी मरतं आणि रोलरखाली चिरडतं ते वेगळं. आणि ऑर्डर द्यायच्या आधी दोन तुकडे आणून घरच्या कुंडीत लावून पहा. आधी तुकडे तीन-चार तास पाण्यात भिजवा, मातीवर पसरा, वरून अगदी पातळ माती भुरभुरवा, सावलीत ठेवा आणि ओल मोडू देऊ नका. सात ते पंधरा दिवसांत काहीच दिसलं नाही तर तो माल घेऊ नका. मी पहिल्या विक्रेत्याकडचे तुकडे लावले, शून्य. फोन केला तर म्हणतो पाणी कमी पडलं असेल. दुसरीकडून घेतले ते उगवले.

अमेरिकेतल्या किंवा कुठल्याही परदेशातल्या नातेवाइकांना सीड पेपर कुरिअर करू नका, बियांवर तिकडे कस्टममध्ये कडक नियम असतात, पत्रिका तिथेच अडकायची. त्यांना फोटोच बरा.

दरही सांगून ठेवते, साध्या कार्डापेक्षा सीड पेपर बहुतेक वेळा बराच महाग पडतो, म्हणून सरसकट नको. ज्यांच्या घरी कुंड्या आहेत त्यांनाच द्या. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ती पण खोक्यातच जाते.

कापडी रुमालावर किंवा पिशवीवर छापलेली पत्रिका पण हल्ली येते. माझं मत विचाराल तर पिशवीवर नवरा-नवरीचं नाव मोठ्ठं छापलं की ती घेऊन भाजीला कोणी जात नाही. एका कोपऱ्यात बारीक छापा, मग जाईल.

मजकूर कापा

आपल्याकडच्या पत्रिकेत अर्धी जागा नावांना जाते. निमंत्रक, स्वागतोत्सुक, व्यवस्थापक, शुभेच्छुक, समस्त अमुक परिवार, शिवाय "आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं" म्हणणारी पाच पोट्टी. एक नाव राहिलं की रुसवा, म्हणून सगळ्यांची घालायची, म्हणून कार्ड मोठं, म्हणून आत चार पानं. आम्ही 'समस्त परिवार' वर भागवलं. मोठे काका दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी स्वतःच पत्रिका वाटायला गाडी काढली. पोट्ट्यांची ओळ मात्र ठेवली, तिला हात लावायची कोणाची हिंमत झाली नाही.

हळद, संगीत, रिसेप्शन यांची वेगवेगळी पानं घालू नका. लग्न आणि जेवण सगळ्यांना, ते कार्डावर, बाकीचं ज्यांना बोलवायचं त्यांना फोनवर. लोकेशनसाठी क्यूआर कोड टाकणार असाल तर हातकागदावर निदान दोन सेंटिमीटरचा ठेवा आणि छापून झाल्यावर दोन-तीन जुन्या फोनवर स्कॅन करून पहा.

साइज पण इथेच ठरवा. डिजिटल प्रेसवर १२ बाय १८ इंचाचा कागद खूप चालतो. त्यात ५ बाय ७ चं कार्ड घेतलं तर चारच बसतात, एक तृतीयांशाहून जास्त कागद कात्रणात जातो. तेच पावणेचार बाय साडेपाच केलं की नऊ बसतात. प्रेसवाल्याला नुसतं विचारा, "भाऊ, एका शीटमध्ये जास्तीत जास्त किती बसतील ते सांगा", तो लगेच सांगतो, पण आपण विचारल्याशिवाय सांगत नाही.

आणि देवाचं चित्र. यावरून आमच्या घरी खरंच वाजलं. मी म्हटलं गणपती नको, आई म्हणे गणपतीशिवाय शुभकार्य कसं. पण तिच्याच माळ्यावरचं खोकं तिला दाखवलं, पंधरा वर्षं लोक हेच करतात, साठवतात आणि मग एक दिवस पिंपळाखाली नेऊन ठेवतात नाहीतर तलावात सोडतात. शेवटी तोडगा निघाला तो असा की छापताना वर फक्त आंब्याच्या पानांचं तोरण आणि 'शुभविवाह', आणि प्रत्येक पत्रिका द्यायच्या आधी आईने स्वतःच्या बोटाने चार कोपऱ्यांना हळद-कुंकू लावायचं. छापील गणपतीपेक्षा लोकांना ते जास्त आवडलं.

ऑर्डर आणि प्रूफ

पाकीट लागतंच का ते आधी विचारा. आम्ही कार्ड दुमडून त्यावरच नाव लिहिलं. वरून चकचकीत पारदर्शक कव्हर देतात ते तर घेऊच नका, १ जुलै २०२२ पासून देशभरात जे एकदाच वापरायचं प्लास्टिक बंद झालं त्या यादीत निमंत्रण पत्रिकांवर गुंडाळायची फिल्म नाव घेऊन आहे, मिठाईच्या डब्यांवरची पण. तरी देतात. तुम्ही म्हणायचं नको.

प्रूफ नीट वाचणं हे पण कागद वाचवायचंच काम आहे, कारण चूक निघाली की अख्खा लॉट पुन्हा. आपण मजकूर मोबाइलवरून युनिकोडमध्ये पाठवतो, प्रेसवाला तो जुन्या फॉन्टमध्ये आणतो आणि त्यात जोडाक्षरं तुटतात. त्यामुळे आपण पाठवलं ते बरोबर होतं याला काही अर्थ नाही, छापायला जाणारी पीडीएफ मागवा, ती घरात तिघांनी वाचा, त्यातला एक व्याह्यांकडचा पाहिजे. तारीख, वार, तिथी तिन्ही पंचांगाशी जुळवा. आधी एकच कार्ड त्याच कागदावर छापून घ्या, स्क्रीनवर पाहून होकार देऊ नका.

वेळेचं म्हणाल तर हातकागद किंवा सीड पेपर असेल तर वाटायला सुरुवात करायच्या सहा आठवडे आधी ऑर्डर गेली पाहिजे, लग्नसराईत स्क्रीन प्रिंटिंगवाले फोनच उचलत नाहीत.

वाटप आणि उरलेल्या

वाटायला निघताना दिशा ठरवून निघा, एक दिवस मानेवाडा-नंदनवन, एक दिवस धरमपेठ-प्रतापनगर, एक दिवस महाल-इतवारी. रोज उठून शहराच्या दोन टोकांना गाडी पळवली तर कागद वाचवून पेट्रोल जाळल्यासारखं होतं. मे महिना असेल तर सकाळी दहाच्या आत नाहीतर सहानंतर, दुपारी कोणी दारही उघडत नाही.

उरलेल्या नऊपैकी एक अल्बममध्ये गेली. सहांच्या कोऱ्या मागच्या बाजूने आईने आहेराची पाकिटं केली, हातकागदाला घडी सुरेख पडते. दोन मी मुद्दाम जुन्या पेपरच्या गठ्ठ्यात घातल्या. रद्दीवाल्याने एक काढली, वाकवून पाहिली, कोपऱ्यातलं कुंकू पाहून कपाळाला लावली आणि परत गठ्ठ्यात ठेवून काटा उचलला.